मधल्या जागेचा धनी

गेल्या दिवाळीच्या सुटीत बेंबळीस आठ दिवस राहण्याचा योग आला. सायंकाळी फिरावयास निघालो की पाय आपोआप शाळेच्या पटांगणाकडे वळत. तेथे गावातील पंधरा-सोळा वर्षांची मुले फुटबॉल खेळत असत, आणि प्रस्तुत लेखकास चेंडूला धड लाथ मारता आली नसली तरी हा खेळ पाहण्याचे व्यसन विद्यार्थिदशेपासून जडलेले आहे. मुलांना शिकविणारा एक तरुण मास्तर होता. त्याने गोलासमोर फक्कीने चौकोन आखले होते व कॉर्नर आला म्हणजे कोणी कोणत्या चौकोनात उभे राहावयाचे हे प्रत्येकास नेमून दिले होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी खेळ रंगात आला असता उजव्या कोपऱ्यातून एक चेंडू आला. तो फार उंच नव्हता, फार वेगवानही नव्हता. दोन चौकोनांच्या मधल्या रेषेवर तो संथपणे उतरला, समोरच्या बाजूच्या एका किरकोळ पोराने त्यास कपाळ लावले आणि गोल झाला.

मास्तराने त्या दोन चौकोनांतील दोघांनाही बोलावून घेतले. पहिला म्हणाला, "मी माझ्या जाग्यावरच हुतो की ओ, सर." दुसरा म्हणाला, "मी बी जागा सोडली नाही." मास्तराने खाली फक्कीकडे पाहिले. दोघांचेही पाय आपापल्या रेषेच्या आतच होते. दोघेही खरे बोलत होते, आणि गोल तर झाला होता. त्यास पुढे काय बोलावे हे सुचेना. "बरं, चला," म्हणून त्याने शिटी वाजविली.

मुले हा प्रसंग पाच मिनिटांत विसरली असतील. मला मात्र त्या उत्तराने पुढे कित्येक दिवस स्वस्थता लाभू दिली नाही. ज्याने त्याने नेमून दिलेले काम चोख केले, आणि तरीही ज्यासाठी ते काम नेमले होते तेच हातचे गेले, अशा वेळी दोष कोणाचा म्हणावा? कोणाचाच नाही, असे म्हणून सुटता येते. दोघांचाही, असे म्हणूनही सुटता येते. परंतु ही दोन्ही उत्तरे प्रश्नास बगल देणारी आहेत असे मला वाटते. त्याचे कारण केवळ तात्त्विक नाही, हे पुढे ओघाने येईल.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्याकरिता थोडेसे सांगितले पाहिजे. बचाव करणाऱ्या संघाचा पाय अथवा अंग लागून चेंडू त्याच्याच गोलरेषेबाहेर गेला, तर प्रतिपक्षास मैदानाच्या कोपऱ्यातून तो मारण्याचा हक्क मिळतो; हाच कॉर्नर. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८७२ साली ही चाल शेफील्डच्या खेळाडूंपासून उचलून आपल्या नियमांत घातली, व कोपऱ्यातून मारलेला चेंडू कोणासही न लागता गोलात गेला तरी गोल धरावा, असे १९२४ साली ठरले. चेंडू मारणाऱ्यापासून प्रतिपक्षाने ९.१५ मीटर, म्हणजे जुन्या मापाने दहा यार्ड, दूर राहावयाचे असते. त्या वेळी गोलाच्या तोंडाशी पंधरा-सोळा माणसांची दाटी होते. गोल ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच. त्यापुढची पाच-सहा मीटरांची पट्टी हीच खरी रणभूमी. आक्रमकांस येथे ऑफसाइडचे भय नाही. बरे, शंभर कॉर्नर मिळाले तर त्यांतून तीन-चार गोल होतात. म्हणजे शहाण्णव वेळा बचाव यशस्वी होतो. परंतु त्या शहाण्णवांची आठवण कोणी ठेवीत नाही.

बेंबळीत हा खेळ दिसावा याचेच प्रथम मला नवल वाटले होते. आमच्या या भागाचे खेळ म्हणजे खो-खो, हुतूतू आणि कुस्ती. खो-खोत तर या जिल्ह्याने नाव काढले आहे; येथील सारिका काळे यांस २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. गंमत अशी की १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या राजधानीत हिंदुस्थानातील उत्तम फुटबॉल नांदत होता. रहीमसाहेबांनी तयार केलेल्या हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, व त्याच रहीमसाहेबांच्या शिकवणुकीने भारताने १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. परंतु राजधानीचा तो चेंडू बालाघाटाच्या काळ्या रानापर्यंत घरंगळत आला नाही. महाराष्ट्रात फुटबॉलाने खऱ्या अर्थाने घर केले ते मुंबईबाहेर एका कोल्हापुरात. तेथे तालमींचेच संघ झाले आणि पेठापेठांची ईर्षा चेंडूवर येऊन बसली. पुढे २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली. तिच्या निमित्ताने त्या वर्षीच्या १५ सप्टेंबर रोजी राज्य सरकारने राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळविला, तेव्हा कोठे खेड्यापाड्यांतील मुलांच्या पायांस या चेंडूची ओळख झाली.

त्याच स्पर्धेतील एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीस भारताची गाठ कोलंबियाशी पडली. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ब्याऐंशीव्या मिनिटास भारतास कॉर्नर मिळाला, संजीव स्टॅलिनने तो मारला व मणिपूरच्या जीक्सन सिंगने उंच उडी घेऊन डोक्याने गोल केला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतील भारताचा हा पहिला गोल. सारे प्रेक्षागार उभे राहिले. आणि पुढच्याच मिनिटास कोलंबियाने दुसरा गोल करून सामना जिंकला. आनंदाच्या त्या एका मिनिटात कोण कोठे उभा होता व कोण कोणाकडे पाहत होता, हे त्या मुलांस विचारण्याचे धैर्य मला झाले नसते. तथापि चेंडू मध्यावर ठेवल्यापासून पुन्हा प्रत्येकाने आपापली जागा व आपापला माणूस शोधावयाचा असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मने अन्यत्र असतात, एवढे त्यावरून दिसून येते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कॉर्नरच्या वेळी बचाव करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत प्रत्येक बचावकाने प्रतिपक्षाचा एकेक माणूस वाटून घ्यावयाचा. तो जाईल तेथे जावयाचे, तो उडेल तेव्हा उडावयाचे. हिला माणूस धरण्याची रीत म्हणू. दुसरीत प्रत्येकाने एक जागा वाटून घ्यावयाची. त्या जागेत कोणीही येवो, येणारा चेंडू आपला. ही जागा धरण्याची रीत. मास्तराची फक्की ही दुसऱ्या रीतीची.

या दोहोंतील भेद खेळापुरताच आहे असे समजण्याचे कारण नाही. आपली सारी कर्तव्ये याच दोन साच्यांत पडतात. आई मुलास सांभाळते ती माणूस धरून; तलाठी सजा सांभाळतो तो जागा धरून. वैद्याकडे रोगी येतो तेव्हा त्याचे कर्तव्य त्या रोग्याशी. पहारेकऱ्याचे कर्तव्य दाराशी, दारातून कोण येतो याच्याशी त्याचे वैयक्तिक नाते नाही. माणूस धरण्यात आस्था अधिक, जागा धरण्यात व्यवस्था अधिक. शिवाय दोष देण्याच्या दृष्टीनेही मोठा फरक आहे. माणूस धरण्याच्या रीतीत गोल झाला की गुन्हेगार तत्काळ सापडतो: ज्याचा माणूस त्याचा दोष. जागा धरण्याच्या रीतीत तो बहुधा सापडत नाही. म्हणूनच की काय, प्रेक्षक व वृत्तपत्रांतील टीकाकार दुसऱ्या रीतीवर सदैव रुष्ट असतात. गोल मुळी कमी झाले की जास्त, हा हिशेब ते पाहत नाहीत. बोट कोणाकडे दाखवावे हे कळत नाही, हीच त्यांची खरी तक्रार असते.

पहिली रीत अधिक माणुसकीची, म्हणून अधिक चांगली, असे वाटण्याचा संभव आहे. मलाही तसे वाटे. परंतु तिच्यात एक खोट आहे. जो माणूस धरतो तो त्या माणसाच्या अधीन होतो. प्रतिपक्षाचा गडी मुद्दाम दूर पळाला तर तोही मागे पळतो, आणि मोक्याची जागा ओस पडते. महाभारतात याचे जे उदाहरण आहे त्याहून बोलके उदाहरण कोणत्याही मैदानावर घडलेले नाही. द्रोणाने चक्रव्यूह रचला त्या तेराव्या दिवशी संशप्तकांनी अर्जुनास आव्हान देऊन दक्षिणेकडे ओढून नेले. आव्हान आले तर परत फिरावयाचे नाही हे त्याचे व्रत. प्रतिपक्षास ते व्रत ठाऊक. व्यूह भेदून बाहेर येणे जाणणारा तो वीर आपल्या माणसाच्या मागे गेला, आणि त्याची जागा सोळा वर्षांच्या पोरावर आली. "तू वाट कर, आम्ही मागोमाग येतो," असे सांगणारे चौघे पांडव खोटे बोलत नव्हते. परंतु जयद्रथ मध्ये आडवा उभा राहिला व त्यांस आत जाता आले नाही. आजच्या फुटबॉलात आक्रमकांपैकी एकजण मुद्दाम बचावकाच्या वाटेत उभा राहून त्यास अडवितो, ती हीच जयद्रथाची युक्ती. अभिमन्यू पडल्यावर सायंकाळी शिबिरात सर्वांनी जे सांगितले असेल त्याचे सार एवढेच, की जो तो आपल्या जागी होता.

इंग्लंडच्या संघाने २०१८ च्या विश्वचषकात या रीतीची अशीच फजिती केली. कॉर्नरच्या वेळी त्यांचे चार-पाच गडी एकामागे एक रांगेत उभे राहत, जणू तिकिटाच्या खिडकीपाशी. कोण कोणीकडे धावणार हे शेवटपर्यंत कळत नसे. मग धरावयाचे कोणाला? चेंडू सुटताक्षणी रांग फुटे आणि बचावक एकमेकांवर आदळत. त्या स्पर्धेतील त्यांच्या बारा गोलांपैकी नऊ गोल कॉर्नर, फ्री किक व पेनल्टी यांसारख्या थांबलेल्या चेंडूवरून झाले. माणूस धरणाऱ्यांनी मग कपडे धरावयास आरंभ केला, हा त्याच रीतीचा शेवटचा अंक. सदरे ओढणे, कमरेस मिठी मारणे, खांदे दाबणे हे प्रकार आता इतके बोकाळले आहेत की पंचाने नियमाप्रमाणे शिक्षा द्यावयाची म्हटले तर दर सामन्यात सात-आठ पेनल्टी द्याव्या लागतील, आणि म्हणून तो बहुधा एकही देत नाही. सर्वांनी मिळून केलेला गुन्हा हा गुन्हा राहत नाही, हे कटु सत्य मुलांस शिकविण्याकरिता याहून सोपे चित्र सापडणार नाही.

सबब जाणते शिक्षक आता जागा धरण्याकडे, किंवा दोहोंचे मिश्रण करण्याकडे झुकले आहेत. सर्वांत उंच गडी जागांवर ठेवावयाचे, दोघातिघांनी प्रतिपक्षाच्या धोकेबाज माणसांस आडवावयाचे, एकाने जवळच्या खांबाशी उभे राहावयाचे. हे सर्व ठीक आहे. परंतु जागांची वाटणी कितीही कुशलतेने केली तरी दोन जागांच्या मध्ये एक रेषा उरतेच. फक्की जाड घातली तर ती रेषा दिसते, न घातली तर दिसत नाही, इतकाच भेद. चेंडू मारणारा जर हुशार असेल तर तो माणसाकडे पाहत नाही, जागेकडेही पाहत नाही. तो त्या रेषेकडे पाहतो.

बेंबळीच्या त्या दोन मुलांच्या उत्तरात मला जे बोचले ते हेच. 'मी माझ्या जागेवर होतो' हे वाक्य कर्तव्याचे आहे की कर्तव्यापासून सुटकेचे? आपल्याकडे स्वधर्माची शिकवण फार जुनी आणि फार खोल रुजलेली आहे. परक्याच्या कामात पडू नये, आपले काम उणे असले तरी तेच करावे, या उपदेशावर आपल्या पिढ्यान्पिढ्या वाढल्या. त्या उपदेशाचे मोल मी कमी लेखीत नाही. जो तो चेंडूमागे धावू लागला तर काय होते हे कोणत्याही गल्लीतील लहान पोरांच्या खेळात दिसते: वीस पोरे एका ठिकाणी, आणि गोल उघडा. परंतु वाटणी ही गोलाकरिता असते, गोल वाटणीकरिता नसतो. ज्याला चौकोन नेमून दिला त्याला वस्तुतः गोल राखण्याचेच काम दिलेले असते; चौकोन ही केवळ ते काम करण्याची सोय. पण सोय अंगवळणी पडली की माणूस मूळ काम विसरतो व सोयीचाच हिशेब देऊ लागतो. हा हिशेब नेहमी बिनचूक असतो. किंबहुना तो बिनचूक असावा म्हणूनच पुष्कळदा माणसे रेषेच्या आत राहतात.

हुतूतूत असा प्रश्न पडत नाही, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. तेथे चढाई करणारा एकटा असतो व बचाव करणारे हातात हात धरून साखळी करतात. शेजाऱ्याचा हात हातात असल्यामुळे मध्ये रेषा उरतच नाही. एक ओढला गेला की दुसरा आपोआप ओढला जातो. फुटबॉलाच्या बचावात हात मोकळे असतात, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

फ्री किकच्या वेळी मात्र या खेळातही साखळीसारखे काहीतरी होते. चेंडूपासून ९.१५ मीटरांवर चार-पाच जण खांद्यास खांदा लावून भिंत उभी करतात. भिंतीतील माणसास फारसे काही करावयाचे नसते. अंगावर चेंडू येईल तो घ्यावयाचा, तोंड फिरवावयाचे नाही, एवढेच. गोलरक्षक अर्धा गोल भिंतीच्या भरवशावर सोडून देतो. हल्ली भिंत उडी मारते, आणि तिच्या पायांखालून चेंडू जाऊ नये म्हणून एक गडी तिच्यामागे चक्क जमिनीवर आडवा पडतो. २०१८ साली बार्सिलोनाच्या मैदानावर इंटर संघाच्या ब्रोझोविचने असे अंग टाकून सुआरेझचा जमिनीलगतचा चेंडू अडविला तेव्हा लोक हसले व मग त्यांनी टाळ्या वाजविल्या. पुढे ती रूढीच पडली. दहांपैकी नऊ वेळा त्या पडलेल्या माणसाकडे चेंडू येतच नाही. तो मातीत पडतो, सामना त्याच्या डोक्यावरून जातो, तो उठून अंग झाडतो. कर्तव्याचे याहून साधे रूप मला ठाऊक नाही.

परंतु भिंतीची दुसरीही एक कथा आहे. १९७४ च्या विश्वचषकात झाईर हा आफ्रिकेतील देश ब्राझीलशी खेळत होता. अखेरच्या काही मिनिटांत ब्राझीलला फ्री किक मिळाली. पंचाने शिटी वाजविली तोच झाईरच्या भिंतीतून म्वेपू इलुंगा नावाचा बचावक धावत सुटला आणि ब्राझीलच्या कोणी चेंडूस पाय लावण्यापूर्वीच त्याने तो दूर टोलवून दिला. सारे जग हसले. आफ्रिकेच्या खेळाडूंस साधे नियमही ठाऊक नाहीत, असे पुढे कित्येक वर्षे सांगितले गेले. पुष्कळ काळानंतर म्वेपूने सांगितले की नियम आपणास पुरते ठाऊक होते. आधीच्या सामन्यात युगोस्लाव्हियाकडून नऊ गोल बसले होते. कबूल केलेले पैसे मिळाले नव्हते. ब्राझीलकडून तीनहून अधिक गोल झाले तर घरी परत येऊ नका, अशी धमकी हुकूमशहा मोबुटूच्या माणसांनी दिली होती, असे त्या संघातील खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. सामना तीन गोलांनीच संपला. म्वेपूचा तो धावा भयाचा, संतापाचा की युक्तीचा, हे मी ठरवीत नाही. मला एवढेच दिसते की जागा सोडणाऱ्या माणसाचा न्याय आपण फार लवकर करतो, आणि जागेवर उभ्या राहिलेल्यांचा न्याय करीतच नाही.

गोलरक्षकाचे पाहा. कॉर्नर आला असता तो रेषेवर उभा राहिला आणि कोणी जवळून डोक्याने गोल केला तर लोक म्हणतात, बिचारा काय करणार. तोच पुढे झेपावला आणि चेंडू बोटांवरून निसटला तर त्याच्या नावाने शिमगा होतो. पेनल्टीच्या वेळी नेमके उलट. इस्रायलमधील काही अभ्यासकांनी २८६ पेनल्टी तपासून २००७ साली असे दाखविले की गोलरक्षक बहुतेक सदैव एका अंगास झेप घेतो, वस्तुतः मध्ये उभे राहण्यात चेंडू अडण्याची शक्यता अधिक. तो उभा राहत नाही, कारण उभे राहून गोल बसला तर काहीच केले नाही असे म्हणतात. म्हणजे एके ठिकाणी झेप घेतल्याचा दोष, दुसऱ्या ठिकाणी न घेतल्याचा. दोष कृतीत नसून रूढीत आहे. रूढीप्रमाणे हरलेला निर्दोष. रूढीबाहेर जाऊन हरलेला गुन्हेगार.

मग मधल्या रेषेवरचा चेंडू कोणाचा? खेळणाऱ्यांनी याचे उत्तर फार पूर्वी शोधून काढले आहे व ते तत्त्ववेत्त्यांच्या उत्तरांहून मला अधिक पटते. जो आधी ओरडेल त्याचा. "माझा!" असा आवाज द्यावयाचा आणि जावयाचे. आवाज ऐकला की शेजाऱ्याने आपले पाय आवरून त्याने सोडलेल्या जागेकडे सरकावयाचे. ही काही मोठी विद्या नाही, तरीही थोर थोर संघ तीत चुकतात. २०१९ च्या मे महिन्यात लिव्हरपूल येथे बार्सिलोनाचे सारे नामांकित बचावक आपापल्या जागा शोधत सावकाश परतत होते. आलेक्झांडर-आर्नोल्डने तेवढ्यात झटकन कॉर्नर मारला आणि एकट्या ओरिगीने गोल केला. पहिल्या भेटीत तीन गोलांनी पुढे असलेली बार्सिलोना स्पर्धेबाहेर गेली. त्या वेळी कोणाच्याच तोंडून आवाज निघालेला दिसत नाही. प्रत्येकाला वाटत होते, अजून अवकाश आहे.

आवाज देणे सोपे का वाटत नाही, याचे कारण उघड आहे. 'माझा' म्हणताच दोषही माझा होतो. जो गप्प राहतो त्याचा चौकोन त्याचे रक्षण करतो. जो बोलतो त्याने आपली फक्की आपल्याच पायाने पुसलेली असते. येथे अर्जुनाची आठवण काढून कोणी म्हणेल की जागा सोडण्याचा उपदेश तुम्ही कसा करता? परंतु अर्जुनाने जागा सोडली ती आपल्या व्रतासाठी, आपल्या नावासाठी; आणि मी जातो, येथे कोण, असे विचारून त्याचे पक्के उत्तर घेतल्यावाचून सोडली. आवाज देणारा आपण जात असल्याचे इतरांस कळवितो. फरक एवढाच आहे, पण तो लहान नाही.

हे सर्व लिहीत असता माझ्या मनात एक जुनी गोष्ट सारखी येत आहे, ती आता सांगून टाकतो. मी ज्या एका महाविद्यालयात पूर्वी शिकवीत होतो तेथे विद्यार्थी प्राध्यापकांस वाटून देण्याची पद्धत होती. प्रत्येकाकडे तीसएक नावांची यादी असे; त्यांची उपस्थिती, अडीअडचणी यांची चौकशी त्याने करावयाची. पद्धत चांगली होती. एका वर्षी खेड्यातून आलेल्या एका मुलीने सत्राच्या मध्येच विषय बदलला. तिचे नाव एका सहकाऱ्याच्या यादीतून कमी झाले; माझ्या यादीत ते यावयाचे होते, आले नाही. ती काही दिवस माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसे. दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. ती रिकामी जागा मला दिसत होती. मी कोणास विचारले नाही, कारण ती माझ्या यादीत नव्हती. सहकाऱ्यानेही विचारले नाही, कारण ती त्याच्या यादीत उरली नव्हती. परीक्षेचे अर्ज भरावयाच्या वेळी तिचे वडील दाखला नेण्यास आले तेव्हा कळले की सोयरीक जमली होती आणि मुलीची शिकण्याची इच्छा असून तिच्या बाजूने घरी बोलावयास कोणीच नव्हते. आम्ही दोघांनी प्राचार्यांपुढे आपापल्या याद्या ठेवल्या. दोन्ही याद्या बिनचूक होत्या. आम्हांस कोणी दोष दिला नाही.

ते गृहस्थ माझ्या खोलीच्या दारात उभे होते. हातात टोपी होती. "आता कुणाला भेटायचं, सर?" एवढेच त्यांनी विचारले. मी त्यांना शेजारच्या खोलीकडे बोट दाखविले.

मी विचारले असते तर ती शिकली असती, असे मी म्हणत नाही. तिच्या वडिलांनी माझे ऐकलेच असते असे नाही. कदाचित तुमचा काय संबंध, असेही म्हटले असते, आणि वाटणीच्या दृष्टीने ते बरोबरच ठरले असते. परंतु तो चेंडू हवेत होता तेव्हा मला दिसत होता, हे खरे.

बेंबळीहून निघण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा पटांगणावर गेलो. मास्तराने चौकोन पुसून टाकले नव्हते, फक्त मुलांना आवाज देण्याची सक्ती केली होती. आरंभी सारे पटांगण ओरड्याने भरून गेले, दोघेजण एकदम "माझा!" म्हणून धावले व एकाचे नाक फुटले. ओल्या रुमालाने नाक दाबून तो बाहेर बसला. मग हळूहळू ओरडा कमी झाला. दिवेलागणीच्या सुमारास डाव्या कोपऱ्यातून एक चेंडू आला, पूर्वीसारखाच मधल्या रेषेवर. 'मी माझ्या जाग्यावरच हुतो' म्हणणारा तो मुलगा या वेळी ओरडला, धावला, उडाला आणि चुकला. चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे गेला व गोल झाला. शेजारच्या मुलाने वळून त्याच्याकडे पाहिले, सगळ्यांनीच पाहिले. मास्तर काही बोलला नाही. मुलगा गोलामागच्या बाभळीखाली गेला, चेंडू घेऊन आला आणि मध्यावर ठेवून आपल्या चौकोनाकडे चालू लागला.